प्रवास सर्वेक्षण

प्रवास सर्वेक्षण : एखाद्या प्रदेशातील माणसे कोठून कोठे, कशासाठी, केव्हा, कोणत्या साधनाने आणि किती वेळ व पैसा खर्चून जातात-येतात, यांविषयी नमुना पद्धतीने केलेली पाहणी. रस्ते, पूल, लोहमार्ग व बससेवा यांची आखणी पुढील वीस-तीस वर्षांच्या गरजा ध्यानात घेऊन करावी लागते. त्यासाठी त्या प्रदेशातील वाहतुकीचे गणिती प्रतिमान तयार करतात. या प्रतिमानाला लागणारी मूळ सामग्री प्रवास सर्वेक्षणातून मिळते. प्रतिमान कितीही प्रगत असले, तरी सर्वेक्षणात जो प्रवास नोंदला गेला नाही, तो प्रतिमानाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. त्यामुळे सर्वेक्षणातील त्रुटी ही केवळ आकडेवारीची उणीव राहत नाही. कोणाच्या दाराजवळून बस जाईल आणि कोणाला महामार्ग जीव मुठीत धरून ओलांडावा लागेल, हेही तिच्यावर अवलंबून असते.

प्रतिमान व सर्वेक्षण : प्रचलित प्रतिमानात चार टप्पे असतात. प्रदेशाचे लहानलहान विभाग पाडून प्रत्येक विभागात किती प्रवास सुरू होतात व किती संपतात, हे प्रथम ठरवितात. त्यानंतर कोणत्या विभागातून कोणत्या विभागात किती प्रवास होतात, त्यांसाठी कोणते साधन वापरले जाते आणि शेवटी कोणता मार्ग निवडला जातो, यांचा हिशेब मांडतात. या सर्व टप्प्यांतील सूत्रांचे गुणांक सर्वेक्षणावरून निश्चित केले जातात. गृहभेटी हे सर्वेक्षणाचे मुख्य अंग होय. निवडलेल्या कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीने आदल्या दिवशी केलेल्या सर्व प्रवासांची नोंद त्यात घेतात. रस्त्यावरील वाहनगणना, वाहनचालकांच्या मुलाखती आणि स्थानके व बसथांबे येथील प्रवाशांची विचारपूस ही तिची पूरक अंगे आहेत.

इतिहास : गृहभेटींवर आधारलेली प्रवास सर्वेक्षणे अमेरिकेत १९४४ पासून पद्धतशीरपणे होऊ लागली. १९५० नंतरच्या दशकात डिट्रॉइट व शिकागो येथील अभ्यासांनी त्यांना प्रतिमानांची जोड दिली. लंडनमध्ये असे सर्वेक्षण १९६२ मध्ये झाले. मुंबईत याच सुमारास विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने वाहतुकीचा अभ्यास केला व १९६३ मध्ये अहवाल सादर केला. मुंबई बेटाला खाडीपलीकडील उरण भागाशी जोडण्याची कल्पना त्या काळापासून चर्चेत आहे. पुढे केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेने १९८३ मध्ये व डब्ल्यू. एस. ॲटकिन्स या संस्थेने १९९४ मध्ये अहवाल दिले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणासाठी २००५–०८ या काळात झालेल्या सर्वंकष अभ्यासात सु. ६६,००० कुटुंबांना भेटी देण्यात आल्या.

नमुन्याच्या मर्यादा : हा आकडा मोठा वाटला, तरी विभागवार हिशेब करताना तो तोकडा पडतो. प्रदेशाचे १,००० विभाग पाडले, तर विभागांच्या जोड्या १० लाख होतात. प्रत्येक कुटुंबाने पाच प्रवास सांगितले असे मानल्यास ६६,००० कुटुंबांकडून ३ लाख ३० हजार प्रवासांची नोंद मिळेल. म्हणजे प्रत्येक प्रवास वेगळ्या जोडीत पडला, तरी दोन-तृतीयांश रकाने रिकामेच राहतील. रिकामा रकाना म्हणजे तेथे प्रवास होत नाही असे नव्हे. पण तो कोणत्या आकड्याने भरावा, हे मग प्रत्यक्ष नोंदीऐवजी सूत्रावरून ठरवावे लागते.

लहान गावांच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते. समजा, एखाद्या गावात २,००० कुटुंबे आहेत व नमुना दीड टक्क्याचा आहे. तेथे ३० कुटुंबे निवडली जातील व त्यांतील प्रत्येक कुटुंब सु. ६७ कुटुंबांचे प्रतिनिधित्व करील. या ३० पैकी सहा कुटुंबांत, म्हणजे २० टक्के कुटुंबांत, मोटारसायकल आढळली, तर गावातील खरे प्रमाण सु. ६ ते ३४ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकेल. एका कुटुंबाची चुकीची नोंद ६७ पटींनी वाढून प्रतिमानात शिरते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

गव्हाण परिसराचे उदाहरण : नमुना निवडण्यासाठी कुटुंबांची विश्वसनीय यादी लागते. झपाट्याने बदलणाऱ्या प्रदेशात अशी यादी मिळणे किती अवघड असते, हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील गव्हाण व त्याच्या परिसरावरून कळून येते. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या या खाडीकाठच्या पट्ट्यात १९७० मध्ये नवी मुंबईसाठी भूसंपादनाची प्रक्रिया सुरू झाली. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावे तिच्या कक्षेत आली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. पुढे गव्हाणशेजारी सिडकोची उलवे ही वसाहत उभी राहिली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावा-शेवा अटल सेतू आणि उरण लोहमार्गाचा खारकोपर–उरण हा टप्पा यांचे एकाच दिवशी उद्‌घाटन झाले. या लोहमार्गावर गव्हाण नावाचे स्थानक आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जवळच नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले.

अशा परिसरात तीन प्रकारची वस्ती शेजारी-शेजारी नांदते. जुन्या गावठाणात घरांचे क्रमांक सलग नसतात व पत्ता माणसाच्या वा पाड्याच्या नावाने सांगितला जातो. गावठाणालगतच्या वाढीव घरांत भाडेकरू राहतात. त्यांची नावे मतदार यादीत असतीलच असे नाही. नव्या इमारतींत काही सदनिका गुंतवणूक म्हणून घेतलेल्या व बंद असतात, तर काहींपर्यंत पोहोचण्यापूर्वी पहारेकऱ्याची व गृहसंस्थेच्या चिटणिसांची परवानगी लागते. यांखेरीज बांधकामावरील मजुरांच्या तात्पुरत्या वस्त्या असतात, त्या तर कोणत्याच यादीत नसतात. जनगणनेचा आधार घ्यावा, तर २०११ नंतरची जनगणना लांबणीवर पडली आणि तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख ठरविण्यात आली. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर व साधन विचारले होते. परंतु शेतकरी, शेतमजूर व घरगुती उद्योगांतील कामगार यांना तो प्रश्न लागू नव्हता.

प्रश्नावलीतील अडचणी : सर्वेक्षणाच्या परिभाषेत एका हेतूने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे म्हणजे एक प्रवास. बोलीभाषेत मात्र ‘प्रवास’ म्हणजे गाडीने लांब जाणे. ‘काल तुम्ही कोणते प्रवास केलेत?’ असे विचारले असता, मुलाला शाळेत सोडून, तेथून बाजारात जाऊन घरी परतलेली गृहिणी ‘कोठेच नाही’ असे उत्तर देते. परिभाषेनुसार तिचे तीन प्रवास झालेले असतात. ‘काल घराबाहेर पहिल्यांदा केव्हा पडलात, तेथून पुढे कोठे गेलात?’ अशा क्रमाने दिवस उलगडत नेल्यास हे प्रवास नोंदले जातात. मात्र अशा मुलाखतीला अधिक वेळ व प्रशिक्षित प्रगणक लागतात.

पायी चालणे हे सर्वांत अधिक वगळले जाणारे साधन होय. जागतिक बँकेच्या वतीने २००३–०४ च्या हिवाळ्यात बृहन्मुंबईतील सु. ५,००० कुटुंबांची पाहणी झाली. तीत कामावर जाणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोक पायी जातात असे आढळले. गरिबांमध्ये हे प्रमाण ६३ टक्के होते. रेल्वेने जाणारे २३ टक्के व बसने जाणारे १६ टक्के होते. ज्या शहराची ओळख लोकलगाडीशी निगडित आहे, तेथेही पायी चालणारे रेल्वेच्या प्रवाशांहून अधिक निघाले. चालण्याची नोंद काटेकोरपणे घेतली नसती, तर हे चित्र पुढे आलेच नसते.

कुटुंबातील एकाने सर्वांच्या वतीने उत्तरे देणे ही आणखी एक अडचण आहे. दुपारी घरी भेटणाऱ्या व्यक्तीला घरातील इतरांची ये-जा ढोबळपणेच ठाऊक असते. पहाटे मासळी घेऊन निघणाऱ्या स्त्रिया, बंदरात पाळीने काम करणारे कामगार व रोज वेगळ्या ठिकाणी जाणारे नाका-कामगार प्रगणकाला क्वचितच भेटतात. म्हणजे ज्यांचा प्रवास सर्वांत अनियमित, त्यांचीच माहिती सर्वांत अपुरी राहते. साधनांचे वर्गीकरणही तपासून घ्यावे लागते. स्थानकापर्यंत सामायिक रिक्षाने, पुढे लोकलने व शेवटी पायी असा प्रवास केवळ ‘रेल्वे’ या सदराखाली टाकल्यास रिक्षाथांब्याची व पदपथाची गरज नोंदीतून निसटते.

लोकांचा विश्वास : घरात किती माणसे राहतात, उत्पन्न किती, वाहने किती, हे प्रश्न अनोळखी माणसाने विचारले की संशय निर्माण होतो. भूसंपादन झालेल्या प्रदेशात तो अधिक गडद असतो. जानेवारी १९८४ मध्ये जासई–पागोटे परिसरातील शेतकरी आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचा मृत्यू झाला. ज्या गावांच्या स्मरणात मोजणी म्हणजे जमीन जाणे हा अर्थ रुजलेला आहे, तेथे नकाशा व कागद घेऊन आलेल्या प्रगणकाला मोकळी उत्तरे मिळणे कठीण असते. विस्तारित गावठाणातील घरांना नोटीस येईल या धास्तीने भाडेकरूंची संख्या लपविली जाऊ शकते. असा नकार यादृच्छिक नसतो. तो विशिष्ट वस्त्यांत एकवटतो. त्यामुळे नकार देणाऱ्यांच्या जागी शेजारचे घर घेतल्याने नमुन्याचा आकार भरून निघतो, त्यातील कल मात्र तसाच राहतो.

घराबाहेरील पाहण्या : मालवाहतूक गृहभेटींत येत नाही. बंदराकडे जाणाऱ्या महामार्गावर, गव्हाण फाट्यासारख्या ठिकाणी, कंटेनरवाहू ट्रेलर, बस, रिक्षा व दुचाकी एकाच रस्त्यावर येतात. वाहनगणनेने त्यांची संख्या कळते. ती कोठून कोठे जातात हे कळण्यासाठी चालकांना थांबवावे लागते. त्यासाठी पोलिसांचे साहाय्य लागते, रांगा लागतात आणि गर्दीच्या वेळी, म्हणजे माहिती सर्वाधिक हवी असते तेव्हाच, काम आवरते घ्यावे लागते. गृहभेटींवरून काढलेले आकडे पडताळण्यासाठी छेदरेषेचा उपयोग करतात. मोजक्याच ठिकाणी ओलांडता येणारी नदी, खाडी वा लोहमार्ग अशी रेषा म्हणून निवडतात. मुंबई व नवी मुंबई यांमधील खाडी ही अशी नैसर्गिक छेदरेषा होय. तिच्यावरील पुलांवरून आणि मोरा–भाऊचा धक्का या लाँचमार्गाने होणारी ये-जा मोजून सर्वेक्षणाशी ताडून पाहता येते.

काळाची अडचण : सर्वेक्षण एखाद्या नेहमीच्या कामाच्या दिवसाचे चित्र देते. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात जलवाहतूक, रस्ते व शेतीची कामे यांचे स्वरूप बदलते; ते कोरड्या ऋतूतील पाहणीत उतरत नाही. याहून अवघड प्रश्न भविष्याचा असतो. २००५ मधील कोणताही रहिवासी २०२४ च्या पुलाचा वापर सांगू शकत नव्हता. अशा वेळी ‘अमुक वेळ वाचला व अमुक पथकर पडला तर आपण काय कराल?’ असे काल्पनिक पर्याय मांडून पसंती विचारतात. परंतु पुलावरून जाईन असे म्हणणे आणि मोटारीसाठी एका खेपेस २५० रुपये (२०२४ चा दर) खिशातून देणे, यांत अंतर असते. म्हणून सांगितलेल्या पसंतीची सांगड प्रत्यक्ष वर्तनाशी घालावी लागते.

नवी साधने व उपाय : भ्रमणध्वनीच्या नोंदी, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती व तिकिटांचा संगणकीय तपशील यांमुळे मोठ्या लोकसंख्येची हालचाल अल्प खर्चात कळू शकते. मात्र मनोऱ्याच्या नोंदीवरून प्रवासाचा हेतू कळत नाही, जवळचे चालणे दिसत नाही आणि घरात एकच फोन असल्यास तो नेणाऱ्याचाच प्रवास नोंदला जातो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये अधिनियम संमत झाला असून अशा नोंदी वापरताना त्याचे भान ठेवावे लागते. यास्तव नवी साधने गृहभेटींना पूरक ठरतात, पर्याय ठरत नाहीत.

बदलत्या पट्ट्यांतून नमुन्याचे प्रमाण वाढविणे, यादी प्रत्यक्ष फिरून नव्याने करणे, स्थानिक बोली जाणणारे स्त्री-पुरुष प्रगणक नेमणे, सकाळी व रात्री पुन्हा भेट देणे, दहा वर्षांनी एकदा मोठे सर्वेक्षण करण्याऐवजी दरवर्षी थोड्या कुटुंबांची पाहणी चालू ठेवणे आणि पाहणीचा हेतू ग्रामसभेत आधी समजावून सांगणे, हे उपाय उपयुक्त ठरतात. किती घरे बंद होती, कितींनी नकार दिला व कोणते प्रवास अंदाजाने भरले, याचा तपशील अहवालात देणेही तितकेच आवश्यक असते. त्यावरूनच प्रतिमानातील कोणता आकडा मोजलेला आहे व कोणता गृहीत धरलेला आहे, हे योजनाकारांना आणि ज्यांच्या गावावरून मार्ग जाणार त्या रहिवाशांना पडताळून पाहता येते.