बूटलोडरचा अनुक्रमिक कन्सोल

प्रचालन प्रणाली स्मृतीत आणून तिच्याकडे नियंत्रण सोपविणाऱ्या बूटलोडर या आज्ञावलीशी, तारेवरून एकामागून एक बिट पाठवून, अक्षररूपाने संदेशांची देवाणघेवाण करण्याची व्यवस्था.

सर्व घटक एकाच फलकावर असलेल्या एकफलक संगणकात या अवस्थेत पडदा व जालजोडणी बहुधा कार्यान्वित झालेली नसतात. त्यामुळे एखाद्या फायलीचे नाव चुकले, तरी फलकच निकामी झाल्यासारखा भासतो. खरा दोष कन्सोलवरील संदेशांतून कळतो. पीपीसीबूटपासून विकसित होऊन २००२ मध्ये यू-बूट हे नाव मिळालेला बूटलोडर या फलकांवर विशेष प्रचारात आहे.

जोडणी : रास्पबेरी पाय ३ (२०१६) या फलकावर ८ क्रमांकाची पिन प्रेषणाची, १० क्रमांकाची ग्रहणाची व ६ क्रमांकाची भूसंपर्काची असते. एका बाजूचे प्रेषण दुसऱ्या बाजूच्या ग्रहणाला जोडतात. या पिनांचा विद्युत् दाब ३·३ व्होल्ट असतो. जुन्या आरएस-२३२ मानकात तो उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत असू शकतो. म्हणून तशी तार सरळ जोडल्यास संस्कारक कायमचा बिघडू शकतो.

वेग : सामान्यतः सेकंदास १,१५,२०० बिट हा वेग ठेवतात. आरंभ व अंत्य बिट धरून प्रत्येक अक्षरास १० बिट लागतात. म्हणजे सेकंदास ११,५२० अक्षरे जातात. कालमापनाची वेगळी तार नसल्याने दोन्ही टोकांचा वेग जुळावा लागतो. अन्यथा निरर्थक चिन्हे उमटतात. रास्पबेरी पाय ३ मध्ये मुख्य अनुक्रमिक मंडल ब्लूटूथकडे असते. पिनांवरील दुय्यम मंडलाचा वेग संस्कारकाच्या गाभ्याच्या घड्याळाबरोबर बदलतो. ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ या फायलीत ‘इनेबल_यूएआरटी=१’ ही ओळ घातल्यास हे मंडल चालू होऊन ते घड्याळ स्थिर राहते.

यू-बूटमधील मांडणी : ‘एसटीडीइन’ व ‘एसटीडीआउट’ ही चले आदान व प्रदान कोठून व्हावे हे ठरवितात, ‘बॉडरेट’ वेग ठरविते. ‘बूटडिले’ने नेमलेल्या सेकंदांत कळ दाबल्यास प्रारंभ थांबून आज्ञा देता येतात, ‘सेव्हएन्व्ह’ या आज्ञेने बदल टिकतात. लिनक्सला मात्र कन्सोलचे नाव व वेग वेगळे कळवावे लागतात. ते राहून गेल्यास प्रणाली चालू असूनही संदेश खंडित होऊन ती अडकल्यासारखी वाटते.

पिनांपर्यंत पोहोचणारी कोणतीही व्यक्ती या मार्गाने प्रारंभात हस्तक्षेप करू शकते. म्हणून विक्रीच्या उपकरणांत ‘बूटडिले’चे मूल्य उणे २ ठेवून कळ दाबून थांबविण्याची सोय बंद करतात.