आचारी मोह वेचायला गेला, तर हॉटेल कोण चालवणार? हेमलकशाच्या वाटेवरचं हॉटेल-गणित

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा साठ-पासष्ट किलोमीटरचा जंगलरस्ता. नागपूर, पुणे, मुंबईच्या गाड्या एकामागून एक हेमलकशाला निघालेल्या. लोकबिरादरी प्रकल्प बघायचा, प्राण्यांचं अनाथालय बघायचं आणि त्याआधी पोटात काहीतरी ढकलायचं.

आता समजा, या रस्त्यावरचं एक छोटं हॉटेल तुमचं आहे. सहा टेबलं, दोन भट्ट्या, एक आचारी, दोन पोरं आणि गल्ल्यावर तुम्ही. एक बस थांबते, चाळीस माणसं उतरतात, चाळीस प्लेट तर्री-पोह्यांची ऑर्डर येते. आणि तेवढ्यात कळतं, आचारी आलेलाच नाही. गावात पंडुम आहे, म्हणजे सण.

यावर बहुतेक मालकांचं ठरलेलं वाक्य असतं. "आजकाल माणसंच टिकत नाहीत." पण प्रश्न माणसं टिकण्याचा आहे, की मालकाला माणसांचं वर्ष कसं चालतं हेच ठाऊक नाही, याचा?

दोन कॅलेंडरं

हॉटेलवाल्याच्या डोक्यात गिऱ्हाइकाचं कॅलेंडर असतं. दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना. इथे काम करणाऱ्या माणसाचं कॅलेंडर मात्र जंगल आणि शेत ठरवतं.

मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. फुलं पहाटे गळतात आणि ती सकाळीच वेचावी लागतात, म्हणजे नेमकी तुमच्या नाश्त्याच्या वेळेला. त्यानंतर उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. हा मोजक्या दिवसांचा खेळ. घरातली सगळी माणसं पहाटे जंगलात जातात, पानं तोडतात, पुडके बांधतात आणि फळीवर मोजून देतात. वर्षभरात रोख पैसा एकदम हातात येण्याची जी मोजकी संधी असते, त्यातली ही एक. जुलैत धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी.

या दिवसांत माणूस तुमच्या कपबशा विसळायला थांबेल का? थांबू नयेच. त्याचा हिशेब चोख आहे, तुमचा चुकलाय.

म्हणून पहिली सवय साधी आहे. मोठा कागद घ्या, बारा महिने आखा, भिंतीवर लावा. एका रंगात गिऱ्हाइकाची गर्दी, दुसऱ्या रंगात कामगारांच्या घरची कामं. हा कागद एकट्याने भरू नका, सगळ्यांना समोर बसवून भरा. दोन माणसांची गावं वेगळी असतील तर पंडुमच्या तारखाही वेगळ्या निघतात, आणि सुट्ट्या आपोआप वाटल्या जातात. तेंदूची तारीख मात्र पेन्सिलनेच लिहा. ती हवामानावर आणि लिलावावर ठरते.

मग मे महिन्यात काय करायचं? पदार्थ कमी करायचे. आठ पदार्थांऐवजी तीन. आलुबोंडा, चहा, वरण-भात. दोन माणसांत जेवढं नीट होतं तेवढंच. सगळे पदार्थ पाटीवर लिहून "ते संपलं, हे नाही" असं दिवसभर सांगत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आधी भाषा, मग हुकूम

२३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे दोघेही डॉक्टर, औषधं जवळ, फी नाही. तरी सुरुवातीला माडिया लोक त्यांच्याकडे फिरकत नव्हते. अनोळखी माणूस, अनोळखी कपडे, अनोळखी भाषा. आमटे दांपत्य माडिया शिकलं, विश्वास हळूहळू बसला. शाळा त्यानंतर, १९७६ साली आली.

दवाखाना आणि हॉटेल यांची बरोबरी करायची नाही, पण अडचण तीच आहे. आलापल्ली-भामरागड पट्ट्यात मराठी, हिंदी, तेलुगू, माडिया सगळं कानावर पडतं. मालक मराठीत भराभरा सांगतो, समोरचा पोरगा मान हलवतो, मालकाला वाटतं समजलं. मीठ दोनदा पडतं ते असं!

तर पाणी, मीठ, गरम, पुरे, उद्या, असे वीसेक शब्द माडियात शिकून घ्या. आणि काम सांगून झालं की "समजलं का?" विचारू नका, त्याचं उत्तर "हो"च येणार. "आता आधी काय करशील?" असं विचारा.

भट्टी पेटण्याआधीची दहा मिनिटं

फ्रान्सचा प्रसिद्ध आचारी ऑग्युस्त एस्कोफिए वयाच्या तेराव्या वर्षी काकाच्या रेस्टॉरंटमध्ये कामाला लागला होता. पुढे १८९० मध्ये तो लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गेला. त्या काळची स्वयंपाकघरं म्हणजे धूर, दारू आणि शिवीगाळ. त्याने कामाची विभागणी केली, कोणी काय करायचं हे आधीच ठरवलं, आणि आरडाओरडा बंद करायला लावला.

तुमच्या तीन माणसांच्या हॉटेलात हीच गोष्ट चहा पिता पिता होते. आज काय शिल्लक आहे, काय नाही, बस येणार आहे का, भट्टीवर कोण, टेबलावर कोण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काल काय बिघडलं. हे शेवटचं मालकाने स्वतःच्या चुकीपासून सुरू करावं. "काल सिलिंडर संपत आलाय हे मी बघितलं नाही," असं मालक म्हणाला, की पोरगाही सांगतो की तेल जुनं झालंय. नाहीतर तो गप्प बसतो आणि तुम्हाला ते गिऱ्हाइकाच्या तोंडून कळतं.

याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव येतं. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. हॉटेलात प्रत्येक गोष्टीवर सहमती शक्य नाही, बस उभी असताना तर नाहीच. पण सुट्ट्या, कामाच्या पाळ्या, जेवणाची वेळ या गोष्टी सगळ्यांनी मिळून ठरवल्या, तर त्या मोडायची वेळ कमी येते.

उचल नावाचं दुखणं

माणूस न सांगता निघून जातो, त्यामागे पुष्कळदा उचल असते. घरात आजारपण निघालं, मालकाने दोन हजार दिले. पुन्हा पाचशे. मालकाच्या वहीत आकडा एक, कामगाराच्या डोक्यात दुसरा. पगाराच्या दिवशी भांडण.

यावर उपाय म्हणजे दोन वह्या. एक तुमच्याकडे, एक त्याच्याकडे, दोन्हींत एकाच वेळी नोंद आणि दोघांची सही किंवा अंगठा. पगाराची तारीख ठरलेली, गल्ला रिकामा असला तरी.

उधारी माणसाला कशी बांधून टाकते याचं मोठं उदाहरण मुंबईत आहे. गिरणगावात कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून त्यांना एकत्र आणलं आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. हात तेच, चव तीच, फक्त पैशाचा व्यवहार कागदावर आला.

याच वहीत आणखी एक ओळ असावी, वय. ढाबे आणि हॉटेलांत १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. "घरच्यासारखाच आहे, शाळेला सुट्टी आहे" हे उत्तर चालत नाही.

फेकायचं कोणी ठरवायचं?

रात्री वीज गेली, सकाळी भाताला वास नाही, मग फोडणी देऊन वाढायचा का? शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जास्त वेळ राहिलं की जंतू वाढतात. भातात काही जंतू असं विष सोडतात, जे पुन्हा गरम केल्यावरही जात नाही. वास न येणं म्हणजे भात चांगला, असं नाही. इथून मोठा दवाखाना किती लांब आहे, हे वेगळं सांगायला नको.

आचारी हा भात स्वतःहून फेकणार नाही, नुकसान मालकाचं म्हणून घाबरेल. म्हणून आधीच सांगून ठेवायचं: शंका आली तर फेक, मी विचारणार नाही. आणि खरोखरच विचारायचं नाही.

उरला पावसाळा. पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो. २०१९ मध्ये तर हे एकाच पावसाळ्यात अनेकदा झालं. वाटेतले नालेही भरतात, गाड्या येत नाहीत. गॅस, पीठ, तेल, कांदे यांचा साठा मालक करतातच. राहून जातं ते बंद दिवसांच्या पगाराचं. पूर्ण द्यायचा, अर्धा द्यायचा, की त्याबदल्यात डिसेंबरमध्ये जास्त दिवस काम, हे सगळ्यांना बसवून जूनच्या आधी ठरवा आणि दोन्ही वह्यांत लिहा. पूर आला की फोनही लागत नाही.