गावचा खेळ, गावचे दप्तर
लेखांक सहावा : कीर्तिदालन कोणासाठी?

मागील लेखांकात आपण तालुक्यातील मैदानांचा विचार केला. त्या मैदानांवर जे खेळले, आणि स्वतः न खेळता ज्यांनी इतरांस खेळते ठेवले, त्यांची स्मृती कोठे व कोणत्या रीतीने जतन व्हावी, हा या आठवड्याचा विषय आहे. पाश्चात्त्य देशांत ‘हॉल ऑफ फेम’ या नावाने जी संस्था रूढ आहे, आणि आपण जिला क्रीडा-कीर्तिदालन म्हणू, तिची निकड मुंबई-पुण्यापेक्षा नालासोपाऱ्यासारख्या गावास अधिक आहे असे माझे मत आहे; आणि त्याचे कारण या गावाच्या इतिहासातच सापडते.

सन 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा आतून स्तूप निघाला, अवशेषांचा करंडक निघाला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक भग्न तुकडाही याच गावी हाती आला. करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला, शिलाखंड मुंबईच्याच वस्तुसंग्रहालयात विसावला. त्या संस्थांनी हा ठेवा सांभाळला याबद्दल कृतज्ञताच वाटावयास हवी. परंतु शूर्पारकाची, म्हणजे या प्राचीन सोपाऱ्याची, कीर्ती पाहण्यासाठी शूर्पारकाच्या रहिवाशाने चर्चगेटची गाडी धरावी, ही वहिवाट तेव्हापासून जी पडली ती आजतागायत मोडलेली नाही.

खेळाडूंच्या बाबतीत तीच वहिवाट चालू आहे. विरारच्या पृथ्वी शॉने 2013 साली हॅरिस शील्डच्या सामन्यात 330 चेंडूंत 546 धावा केल्या, त्या आझाद मैदानावर, मुंबईतील शाळेच्या नावावर. पालघरनजीकच्या माहीमचा शार्दूल ठाकूर पहाटेच्या गाडीने, क्रिकेटच्या सामानाचे ओझे सांभाळीत, मुंबईस जाऊन घडला. जानेवारी 2022 मध्ये जोहान्सबर्ग येथे 61 धावांत 7 बळी घेऊन दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत कोणत्याही भारतीय गोलंदाजास तोवर न साधलेली कामगिरी त्याने केली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यास मुंबईकर म्हटले. दक्षिण आफ्रिकेच्या 2018 च्या दौऱ्यावरून परतल्यावर हाच खेळाडू अंधेरीस लोकल धरून पालघरास गेला, आणि डब्यातील प्रवासी ‘हा तोच का?’ म्हणून मोबाइलवरील छायाचित्राशी त्याचा चेहरा ताडून पाहू लागले. ही हकीकत त्या वेळी कौतुकाने छापून आली. मला मात्र तिच्यात आपल्या जिल्ह्याची उणीव दिसते. ज्या लोहमार्गाने तो वर्षानुवर्षे गेला-आला त्या मार्गावरील एकाही गावात त्याची मुद्रा लोकांच्या परिचयाची व्हावी अशी सोय आपण केलेली नव्हती.

शार्दूलच्या कथेत दुसरे नाव येते ते प्रशिक्षक दिनेश लाड यांचे. रोजच्या लांबच्या प्रवासात मुलाचे बळ खर्ची पडते हे ओळखून त्यांनी त्यास बोरिवलीच्या शाळेत आणले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. पुढे 2022 साली लाडसरांस द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, हे उचितच झाले. पण घरी परक्याचा मुलगा राहावयास आला असता त्याच्या जेवणाखाण्याची, कपड्यालत्त्याची आणि झोपेची व्यवस्था ज्या कुटुंबाने केली, त्या कुटुंबाचा उल्लेख कोणत्या पुरस्काराच्या सनदेत होणार?

येथेच पुरस्कार आणि कीर्तिदालन यांतील भेद स्पष्ट होतो. शासनाचे शिवछत्रपती पुरस्कार 1969-70 पासून दिले जात आहेत आणि त्यांत खेळाडूंप्रमाणे संघटक-मार्गदर्शकांचाही सन्मान होत आला आहे. तथापि पुरस्कारास अर्ज लागतो, मुदत लागते, ठरावीक वर्षांची कामगिरी दाखल्यांनिशी सिद्ध करावी लागते. ज्याच्यापाशी दाखलाच नाही, किंवा जो अर्ज करावयास हयात नाही, त्याची पुरस्काराच्या दप्तरात सहसा नोंद होत नाही. कीर्तिदालनाचे कार्य याच्या उलट दिशेने चालते. तेथे अर्ज करावयाचा तो समाजाने, आणि पुरावा शोधावयाचा तोही समाजानेच.

खाशाबा जाधवांचे उदाहरण महाराष्ट्रास मुखोद्गत आहे, तरी त्यातील एक बाजू पुन्हा पाहण्याजोगी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 मध्ये लंडनला सहावा आला आणि 1952 मध्ये हेलसिंकीस कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेता ठरला. तसे पदक पुन्हा मिळावयास 1996 साल उजाडावे लागले. हेलसिंकीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर 7000 रुपयांस गहाण ठेवले, आणि परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते ऋण फेडले. पुढे खाशाबांस अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, निधनानंतर दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर. 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा निर्णय तर अगदी अलीकडचा. विलंबाने का होईना, मल्लाची नोंद झाली. खर्डेकरांच्या गहाणखताची नोंद मात्र लोकांच्या तोंडीच राहिली, कारण पदकांच्या यादीत अशा माणसासाठी रकानाच नसतो.

हा रकाना इतर देशांनी निर्माण केला आहे. 1955 साली स्थापन झालेल्या कॅनडाच्या क्रीडा-कीर्तिदालनात खेळाडूंबरोबरच खेळाच्या उभारणीकारांचाही वर्ग आहे. अमेरिकेतील कूपर्सटाउनचे बेसबॉलचे दालन 12 जून 1939 रोजी खुले झाले. तेथे निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटल्यावाचून खेळाडूचे नाव विचारात घेत नाहीत, आणि क्रीडालेखकांच्या मतदानातून ते भिंतीवर चढावयाचे तर पंचाहत्तर टक्क्यांची संमती लागते. त्याच कूपर्सटाउनपासून सावधगिरीचा धडाही घ्यावा. अ‍ॅब्नर डबलडे याने 1839 मध्ये तेथे बेसबॉलचा शोध लावला, या आख्यायिकेच्या भरवशावर ते गाव निवडले गेले, आणि संशोधनान्ती ती आख्यायिका निराधार ठरली. दालनाचा पाया ऐकीव गोष्टींवर घालू नये.

आपल्याकडे उभारणीकारांची वाण नाही. कबड्डीस जिल्ह्याजिल्ह्यांच्या संघटनांतून वर नेऊन 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपर्यंत पोचविण्यात ज्यांचे आयुष्य वेचले गेले त्या शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. पण प्रत्येक गावात एक लहानसा बुवा असतो. सामन्याच्या दिवशी भल्या सकाळी फक्कीने मैदान आखणारा, मध्यरेषा सरळ आली की नाही हे दोरी लावून पाहणारा; पंचांच्या खुणेकडे डोळा ठेवून गुणपत्रकातील एकेका आकड्यावर तिरकी रेघ मारीत जाणारा आणि लोण पडला की हात न थरथरता त्याची वेगळी खूण करणारा गुणलेखक; मुलींच्या संघास बाहेरगावी नेण्यासाठी घरोघर जाऊन आयांची समजूत घालणारी शिक्षिका. यांच्यावाचून एकही पदक निपजत नाही.

तेव्हा वसई-विरार शहर महानगरपालिकेने, जिने 2009 मध्ये स्थापना होताच दोन वर्षांत मॅरेथॉन सुरू करून खेळाविषयीची आस्था प्रकट केली, तिने हे दालन नालासोपाऱ्यात उभारावे. त्यास नवी इमारत नको. एखाद्या वाचनालयाची भिंत आणि एक कुलूपबंद कपाट आरंभास पुरे. नियम थोडे पण कडक असावेत. खेळत्या खेळाडूचे नाव घेऊ नये, मग तो कितीही लोकप्रिय असो. विद्यमान पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांची नावे सर्वथा वर्ज्य असावीत. हा नियम पहिल्याच वर्षी शिथिल झाला तर दालन उघडूच नये, असे मी म्हणेन. प्रतिवर्षी जितके खेळाडू तितकेच उभारणीकार निवडावेत. आणि प्रत्येक नावामागे पुराव्याची फाइल असावी, जी कोणाही नागरिकास मागताक्षणी पाहावयास मिळेल.

ही फाइल महानगरपालिकेचा कारकून तयार करू शकणार नाही. ती आपल्या घरांत पडून आहे. वाचकांस माझी विनंती एवढीच की, येत्या दिवाळीच्या साफसफाईत जुनी गुणपत्रके, प्रमाणपत्रे, मंडळांची पावतीपुस्तके आणि संघांची छायाचित्रे रद्दीत जाऊ देऊ नयेत. घरातील वडीलधाऱ्यांस शेजारी बसवून प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर स्थळ, वर्ष आणि उभ्या-बसलेल्या सर्वांची नावे पेन्सिलीने लिहून घ्यावीत, आणि कडेला शिट्टी घेऊन उभा असलेल्या माणसाचे नाव त्यांत अवश्य असावे.