अमेरिकन साहित्याची उत्तरपत्रिका : गुण कशाला?

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये २००४ पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. त्या वर्षी या एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेले विद्यापीठ आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. पदवीच्या विद्यार्थ्याचे मूल्यमापन सत्राअखेरच्या लेखी परीक्षेतून आणि अंतर्गत मूल्यमापनातून, म्हणजे महाविद्यालयातच सत्रभर होणाऱ्या चाचण्या, गृहपाठ व सादरीकरणांतून होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा-बिंदू श्रेणीपद्धतीत सर्वोत्तम ‘ओ’ श्रेणीला १०, तर केवळ उत्तीर्ण ठरवणाऱ्या ‘पी’ श्रेणीला ४ श्रेणीगुण आहेत.

पण हे गुण द्यायचे कशाला? अमेरिकन साहित्याच्या उत्तरपत्रिकेत आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९) या नाटकावरील उत्तरात मार्गदर्शिकेतले कथानक उतरवणे सोपे असते. परंतु नोकरी गमावलेल्या विली लोमन या नायकाची घुसमट बंद पडलेल्या गिरण्यांच्या सोलापूर शहरातील विद्यार्थ्याने स्वतःच्या समजुतीने मांडली आणि ती नाटकातील संवाद व प्रसंगांच्या आधारे सिद्ध केली, तर ते खरे विश्लेषण होय. कृष्णवर्णीय अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूझ यांची कविता दलित कवितेशेजारी ठेवून वाचणेही असेच मोलाचे आहे, कारण १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या १९६६ च्या संघटनेवरूनच घेतले होते. म्हणून रुब्रिकमध्ये, म्हणजे प्रत्येक निकषाचे गुण आधीच जाहीर करणाऱ्या तक्त्यात, संहितेच्या पुराव्याला आणि स्वतंत्र युक्तिवादाला सर्वाधिक वाटा द्यावा, आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजी व्याकरणाच्या चुकांसाठी त्याच्या विचारांचे गुण कापू नयेत.