गेन बदलावा, पण विवर्धक बिथरू नये

शाळेच्या स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपकाचा आवाज जरा वाढवावा, तो कर्ण्यातून कर्कश शिट्टी सुरू व्हावी, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना आहे. कर्ण्यातला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो आणि हे चक्र चालूच राहते. बटण मागे फिरवले की शिट्टी थांबते. यावरून ‘गेन वाढवला की धोका, कमी केला की सुरक्षितता’ अशी आपली समजूत होते. मात्र विवर्धकाचा (म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायरचा) परिपथ जुळवताना याच्या नेमके उलटे घडते. कसे ते पाहू.

१० मिलिव्होल्टचा संकेत आत देऊन बाहेर १०० मिलिव्होल्ट मिळाले, तर त्या विवर्धकाचा गेन १० आहे असे आपण म्हणतो. अडचण अशी, की ट्रान्झिस्टरचा स्वतःचा गेन भरवशाचा नसतो. तो तापमानानुसार बदलतो आणि एकाच खोक्यातल्या दोन नगांचाही सारखा नसतो. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारेवर असे विवर्धक एकापुढे एक जोडावे लागत. १०० विवर्धकांपैकी प्रत्येकाचा गेन फक्त १ टक्क्याने वाढला, तर एकूण गेन किती होईल? १.०१ चा शंभरावा घात, म्हणजे जवळजवळ २.७ पट!

यावरचा उपाय बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत सुचला. त्यांनी तो हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच मांडला. विवर्धकाचा गेन गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ठेवायचा, बाहेर आलेल्या संकेताचा ठरावीक अंश मागे आणायचा आणि मूळ संकेतातून वजा करायचा. यालाच ऋण पुनःप्रदाय किंवा निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

विवर्धकाचा स्वतःचा गेन ‘अ’ आणि मागे आणलेला अंश ‘ब’ मानू. मग

प्रत्यक्ष गेन = अ ÷ (१ + अ × ब)

७४१ या परिचित ऑप-अँपमध्ये ‘अ’ साधारण २ लाख असतो. ‘ब’ एकदशांश ठेवला, तर गेन येतो ९.९९९५. आता ‘अ’ घसरून ५० हजारांवर आला असे समजू. गेन येतो ९.९९८०. मूळ गेन चौथाईवर आला, तरी बाहेर फरक जेमतेम ०.०१५ टक्क्याचा! गेन आता ट्रान्झिस्टरच्या लहरीवर अवलंबून नाही. तो ‘ब’ वर, म्हणजे दोन रोधांच्या गुणोत्तरावर ठरतो.

साहजिकच गेन बदलायचा तर हे गुणोत्तर बदलायचे. यासाठी १० किलोओहमचा पोटेन्शियोमीटर, म्हणजे दुकानातला ‘पॉट’, घेऊ. त्याचे एक टोक ७४१ च्या ६ क्रमांकाच्या पायाला (निर्गम) जोडू, दुसरे टोक १ किलोओहमच्या रोधकातून भूमीला आणि सरकता संपर्क २ क्रमांकाच्या पायाला (ऋण आदान). संकेत ३ क्रमांकाच्या पायाला द्यायचा. संपर्क वरच्या टोकाला असता गेन १, खालच्या टोकाला ११. मध्यावर मात्र तो ६ नसून सुमारे १.८ असतो, हे बटणावर खुणा करताना ध्यानात ठेवावे. या जोडणीत संपर्कातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, म्हणून संपर्काच्या रोधाने गेन बिघडत नाही.

जुन्या पॉटमध्ये सरकता संपर्क क्षणभर उचलला जातो. त्या क्षणी फीडबॅक तुटतो, ‘अ’ मोकाट सुटतो आणि ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. यासाठी २ आणि ६ या पायांमध्ये १ मेगाओहमचा रोधक कायमचा जोडावा. एरवी त्यामुळे गेनमध्ये १ टक्क्याहून कमी फरक पडतो. संपर्क सुटलाच तर गेन मुकाट्याने १ वर येतो.

आता मूळ प्रश्न. विवर्धकातून जाताना संकेताला थोडा विलंब लागतो. वारंवारता वाढत गेली की या विलंबामुळे मागे आलेला संकेत वजा होण्याऐवजी चक्क मिळवला जाऊ लागतो. तेथे ‘अ × ब’ चे मूल्य १ किंवा जास्त असेल, तर विवर्धक स्वतःच गाऊ लागतो. हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये या स्थैर्याची नेमकी कसोटी मांडली. ‘अ × ब’ सर्वांत मोठा केव्हा असतो? ‘ब’ १ असताना, म्हणजेच गेन सर्वांत कमी असताना! स्नेहसंमेलनात गेन वाढवल्याने चक्र बळावते; येथे गेन घटवल्याने. म्हणून बदलत्या गेनच्या परिपथाची परीक्षा किमान गेनवर घ्यावी.

१९६८ मध्ये आलेल्या ७४१ मध्ये हा धोका टाळण्यासाठी ३० पिकोफॅरडचे धारित्र आतच बसवलेले आहे. ते उच्च वारंवारतेला ‘अ’ आधीच कमी करते. त्याची किंमतही मोजावी लागते. गेन आणि पट्टारुंदी यांचा गुणाकार सुमारे १० लाख हर्ट्झ राहतो. गेन १० असता १ लाख हर्ट्झपर्यंत काम चालते. गेन १०० असता १० हजारांपर्यंतच. ऐकू येणारा आवाज मात्र २० हजारांपर्यंत असतो. अशा वेळी गेन १० चे दोन टप्पे जोडावेत. एकूण पट्टारुंदी सुमारे ६४ हजार हर्ट्झ मिळते.

९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, दोलक आणि ऑसिलोस्कोप असेल तर हे वर्गात करून पाहता येईल. बॅटऱ्यांचा सांधा ही भूमी, धन टोक ७ ला, ऋण टोक ४ ला. आदान २० मिलिव्होल्टच्या आत ठेवा, म्हणजे ७४१ च्या वेगाची मर्यादा आड येणार नाही. गेन ११ वर ठेवून वारंवारता वाढवत न्या आणि निर्गम ७० टक्क्यांवर केव्हा येतो ते टिपा. मग गेन ५ करून पुन्हा मोजा. दोन्ही वेळच्या गुणाकारांची तुलना विद्यार्थ्यांनाच करू द्यावी.