ॲक्सल धरणाऱ्या नळ्या

2010 सालची महिंद्रा थार आणि 2020 ची थार शेजारी उभ्या करून दोन्हींच्या मागच्या चाकांमध्ये वाकून पाहावे. जुनीला पाटे आहेत. नाशिकच्या कारखान्यातून येणाऱ्या नवीला पाटे नाहीत. तिथे कॉइल स्प्रिंगा आहेत आणि ॲक्सलपासून चासीकडे गेलेले काही दांडे. पाटा एकट्याने दोन कामे करायचा: गाडीचे वजन पेलायचा आणि ॲक्सलला जागेवर धरायचा. कॉइल स्प्रिंग नुसतेच वजन पेलते. ॲक्सल पुढे-मागे पळू नये, आडवा सरकू नये, ब्रेक लागताच स्वतःभोवती फिरू नये, हे सगळे त्या दांड्यांच्या गळ्यात पडते. त्यांनाच लिंक म्हणतात.

जुनी जीप किंवा मारुती जिप्सी यांना मात्र पुढे-मागे पाटेच. खडकाळ रानात चाक भरपूर वर-खाली व्हावे म्हणून ते काढून कॉइल स्प्रिंग बसवायची ठरली, की लिंक करून घ्यावी लागते. मापाची लिंक दुकानात टांगलेली नसते. असे काम बंगळूरात करून घेता येते, याचे कारण शहराच्या इतिहासात आहे. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने 1940 च्या डिसेंबरात इथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. 1953 मध्ये एचएमटी आली. तिकडे हरिहरला किर्लोस्करांचा लेथचा कारखाना 1941 पासूनचा. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवता पुरवता लहान वर्कशॉप वाढली आणि 1970 च्या दशकात पीण्या औद्योगिक वसाहत उभी राहिली. विमानाच्या भागांची मापे सांभाळणाऱ्या शहराला जीपची नळी जड नाही. जड आहे ते गणित.

लिंक जितकी लांब तितकी तिची चाल सरळ. 600 मिलिमीटरची आडवी लिंक ॲक्सलच्या टोकाला 150 मिलिमीटर वर गेली, तर ॲक्सल सुमारे 19 मिलिमीटर पुढे-मागे सरकतो. 900 ची लिंक असेल तर साडेबाराच. म्हणजे लांब लिंक चांगली. पण गाडी पुढे पळताना मागच्या ॲक्सलच्या खालच्या लिंकांवर दाब येतो, आणि दाबाखाली लांब नळी पोटात वाकते. लिओनार्ड ऑयलरने 1744 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार लांबी दीडपट झाली की ही सहनशक्ती सव्वादोन पटींनी घटते. चालीत जे कमावले ते इथे फेडावे लागते.

'मग पोलादच भारी घेऊ', हे उत्तर गॅरेजमध्ये हमखास ऐकू येते. मला ते पटत नाही. ऑयलरच्या सूत्रात पोलादाची ताकद नाही, त्याचा ताठरपणा आहे. आणि तो साध्या पोलादात काय नि ईएन19 सारख्या ताकदीच्या पोलादात काय, जवळपास सारखाच. फरक पडतो व्यासाने. बाहेरून 50 मिलिमीटर आणि 6 मिलिमीटर जाडीची नळी, तिच्याच वजनाच्या साडेबत्तीस मिलिमीटरच्या भरीव सळईपेक्षा वाकायला सुमारे 3.7 पट ताठ असते. खालची लिंक दगडावर आपटणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ताकदीच्या पोलादाचे पैसे वसूल होतात. पण ईएन19 आधी न तापवता वेल्ड केले, तर वेल्डच्या कडेला पोलाद काचेसारखे ठिसूळ होते आणि तिथूनच तडकते. म्हणून कमी कार्बनची, थंड ओढलेली वेल्डेड नळी, जिला बाजारात सीडीडब्ल्यू म्हणतात, ती शहाण्या माणसाची निवड. वेल्डिंगची धास्तीच असेल तर जाड भिंतीच्या नळीतच लेथवर आटे पाडून घेता येतात.

एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे. दोन्ही चेकनट सैल करून नळी फिरवली की लिंक गाडीखालून न काढता लांब किंवा आखूड होते, ॲक्सलचा कोन जुळवता येतो. चेकनट पुन्हा घट्ट केला नाही तर आटे झिजून जातात.

लिंका किती, हाही प्रश्न आहेच. दोन खालच्या आणि तिरप्या बसवलेल्या दोन वरच्या, अशा चार असल्या की वरच्यांचा तिरपेपणाच ॲक्सलला आडवे सरकू देत नाही. पुढच्या ॲक्सलला इंजिन आड येते, म्हणून तिथे तीन लिंका आणि एक आडवा पॅनहार्ड दांडा. हा दांडा स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकला समांतर आणि लांबीने जवळपास तेवढाच हवा. नाहीतर खड्ड्यात चाक उचलले की गाडी आपोआप वळते. सुझुकीच्या जिम्नीत दोन्ही ॲक्सल तीन लिंकांवर कॉइल स्प्रिंगांसह येतात. शिकायचे असेल तर तिच्याखाली झोपून पाहावे.

टोकाला रबरी बुश घालावा की लोखंडी गोळ्याचा रॉड एंड? रॉड एंड मोकळा फिरतो, पण प्रत्येक थरथर चासीत पोचवतो, आणि चिखल गोळ्याच्या फटीत शिरला की त्याची कानस होते. मलेशियात 1997 मध्ये सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा 2014 पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात होऊ लागली. तिथल्या लाल चिखलात जायचे तर निदान चासीच्या टोकाला तरी बुश असावा, असे माझे मत.

हे सगळे जमवायला महागडे यंत्र लागत नाही. चासीवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करायच्या, दोन्ही बाजूंचे कर्ण मोजायचे, ब्रॅकेट आधी टाक्यांवर धरायचे, स्प्रिंग काढून ॲक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन पाहायचा. प्रॉपेलर शाफ्ट लांबीला पुरतो का, टायर चासीला घासतो का, हे तेव्हाच कळते. पक्का वेल्ड शेवटी.

आणि गाडी मग ट्रेलरवर, कारण रस्त्यावर कायदा आड येतो. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला: नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही ठेवले. चार लिंका म्हणजे एक फेरफार की चार, हे काही त्या कलमात लिहिलेले नाही.