ठरलेल्या कुस्तीतला जाणता प्रेक्षक



आजचा विषय आहे अमेरिकी पद्धतीची व्यावसायिक कुस्ती. नव्वदच्या दशकात केबल टीव्हीवरून आपल्या घरांत आलेली आणि मुलांच्या तोंडी ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ म्हणून रुळलेली. २००२ मध्ये त्या कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई झालं, पण आपल्याकडे जुनं नाव अजून जात नाही. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. एक कारण सरळ आहे: आम्हाला ही कुस्ती आवडते. दुसरं कारण असं की, या कुस्तीच्या चाहत्याला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘अहो, पण ते सगळं खोटं असतं ना?’

या प्रश्नासाठी आपल्या भाषेत तयार शब्द आहेत. तालमीतला माणूस दोन प्रकारच्या कुस्त्या मानतो. एक निकाली कुस्ती, म्हणजे कुणाची तरी पाठ मातीला लागेपर्यंत चालणारी. दुसरी नुरा कुस्ती, म्हणजे आधी ठरवून, संगनमताने खेळलेली. राजकारणाच्या बातम्यांमध्ये हा शब्द आपण रोज वाचतो. तो शिवीसारखा का वापरला जातो? नुरा कुस्तीत तीन गोष्टी असतात. निकाल ठरलेला असतो, तो ठरलाय हे लपवलेलं असतं, आणि त्यामुळे तिकीट काढून आलेला माणूस फसतो. आपला राग खरा तर तिसऱ्या गोष्टीवर असतो. आता विचार करा, पहिली गोष्ट तशीच ठेवली आणि उरलेल्या दोन काढून टाकल्या, तर काय उरतं? निकाल ठरलेला आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही हजारो लोक उभे राहून ओरडताहेत. ही निकालीही नाही आणि नुराही नाही. या तिसऱ्या प्रकाराला आपल्याकडे नाव नाही.

तो इथवर कसा आला, ते थोडक्यात पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत फिरत्या जत्रांमधून कुस्तीचे फड लागत. तिथल्या मंडळींची एक गुप्त बोली होती. ‘केफेब’ हा शब्द त्या बोलीतला मानला जातो. केफेब म्हणजे आतलं गुपित बाहेर न जाऊ देणं. हा नियम पुढे अनेक दशकं कडक पाळला गेला. आखाड्यातले वैरी गावात एकत्र जेवत नसत, एका गाडीतून प्रवास करत नसत. म्हणजे तोवर ती बऱ्याच अंशी नुरा कुस्तीच होती. आपल्या मुंबईतही पन्नास-साठच्या दशकांत दारासिंग आणि किंग काँग यांच्या ‘फ्री स्टाईल’ कुस्त्यांना गर्दी लोटायची, आणि घरोघरी वाद व्हायचे: खरी की ठरवलेली?

अमेरिकेत हा वाद १९८९ मध्ये अधिकृतपणे मिटला. न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे डब्ल्यूडब्ल्यूएफने स्वतःच सांगितलं की आमच्या लढती म्हणजे मनोरंजन आहे, खरी स्पर्धा नव्हे. कारण अगदी व्यवहाराचं होतं. खेळ म्हटलं की क्रीडा नियामकांची देखरेख आली, परवाने आले, कर आले. गुपित फोडलं ते पैशांसाठी. आता सामान्य तर्क असं सांगतो की यानंतर धंदा बुडायला हवा होता. झालं उलटंच. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध हा या कुस्तीच्या लोकप्रियतेचा कळस ठरला. याचा अर्थ एकच निघतो: लोक फसत होते म्हणून येत नव्हते.

मग ते नेमकं काय करत होते? इंग्रज कवी कोलरिज याने १८१७ मध्ये म्हटलं की वाचक आपला अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवतो. हे उत्तर इथे पुरत नाही. कुस्तीचा चाहता अविश्वास बाजूला ठेवतच नाही. तो एकाच वेळी खलनायकावर चिडतो आणि शेजाऱ्याला सांगतो, ‘काय सुंदर काम करतोय!’ आपल्या परंपरेत याहून नेमकं उत्तर आहे. नवव्या शतकातला काश्मीरचा शंकुक म्हणतो की रंगमंचावरच्या नटाला पाहून ‘हा राम’ असं जे ज्ञान होतं, ते यथार्थ ज्ञान नाही, भ्रम नाही, संशय नाही, आणि ‘हा रामासारखा आहे’ असं साम्याचं ज्ञानही नाही. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो ना, तसं ते आहे. कुणी त्या घोड्याला चारा घालायला जात नाही, आणि कुणी ‘हा घोडा खोटा आहे हो’ म्हणून सावधही करत नाही. पुढे अभिनवगुप्ताने शंकुकाच्या रसविचाराचं खंडन केलं, पण हा चित्रातला घोडा टिकला. ‘खोटं असतं ना?’ हा प्रश्न म्हणजे चित्रशाळेत जाऊन घोड्याला चारा मिळतो का, हे विचारण्यासारखा आहे.

अर्थात या घोड्यात आणि कुस्तीत एक मोठा फरक आहे. त्याकडे शेवटी येऊ. आधी पात्रं पाहू.

या आखाड्यात मुख्य भूमिका दोन. नायक तो ‘फेस’, खलनायक तो ‘हील’. मेक्सिकोत यांनाच ‘टेक्निको’ आणि ‘रुडो’ म्हणतात. लढतीचा गाडा बहुतेक वेळा हील हाकतो. तो फसवतो, पंचाची पाठ वळली की डोळ्यांत बोटं घालतो, प्रेक्षकांना हिणवतो. नायकाला लोकांनी जवळ करावं म्हणून तो स्वतःवर द्वेष ओढवून घेतो. आणि लढतीची खरी गंमत इथे आहे: ज्याचा आपण द्वेष करतोय, त्याच्याच हातात नायकाची मान सुरक्षित असते. खाली आपटणाऱ्याने समोरच्याचं डोकं सांभाळायचं, आपटून घेणाऱ्याने हनुवटी छातीशी घेऊन पाठीवर सपाट पडायचं. रिंगच्या कापडाखाली पातळ फोम, त्याखाली फळ्या आणि पोलादी चौकट. ते काही गादीवर पडणं नव्हे. छातीवर पंजा बसतो तो खराच बसतो, वळ उठतो. थोडक्यात, दिसतं वैर आणि चालू असतं सहकार्य. नुरा कुस्तीतही संगनमत असतं, पण ते प्रेक्षकाच्या विरोधात. इथलं संगनमत प्रेक्षकासाठी असतं.

पात्र किती खोल जाऊ शकतं, याचं उदाहरण म्हणजे मेक्सिकोचा एल सांतो. रुपेरी मुखवट्याचा हा मल्ल चार दशकं लढला, चित्रपटांत नायक झाला, पण त्याचा चेहरा लोकांनी पाहिला नव्हता. १९८४ मध्ये मृत्यूच्या थोडे दिवस आधी त्याने टीव्हीवर मुखवटा किंचित वर केला. त्याला पुरलं तेही मुखवट्यासह. तिथे दोन मल्ल मुखवटा पणाला लावून लढतात. हरणाऱ्याने चेहरा दाखवायचा, खरं नाव सांगायचं. निकाल ठरलेला असला तरी गेलेला मुखवटा गेलाच. ठरवलेल्या गोष्टीचेही परिणाम खरे असू शकतात, हे यातून लक्षात घ्या.

आता गर्दीकडे येऊ. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ याच्या १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकातला पहिलाच निबंध कुस्तीवर आहे. त्याचं म्हणणं असं की ही कुस्ती खेळ नव्हे, देखावा आहे. वेदना, पराभव, न्याय यांची चिन्हं मल्ल इतकी ठळक करून दाखवतो की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ती वाचता यावीत. हे बरोबरच आहे. पण बार्थचा प्रेक्षक मुख्यतः वाचणारा आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमात गेलं की दिसतं, तो लिहितोही.

टीव्हीवर नसलेल्या साध्या गावोगावच्या कार्यक्रमात, ज्याला ‘हाउस शो’ म्हणतात, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. तिथे समालोचन नसतं, काय वाटून घ्यायचं ते कुणी सांगत नाही. पंच जमिनीवर हात आपटून तीन मोजतो. दोनवर खांदा उचलला की हजारो कंठांतून एकच सुस्कारा. निकाल ठरलाय हे माहीत आहे, पण काय ठरलाय हे माहीत नाही. लढतीची बरीचशी वीण मल्ल तिथल्या तिथे, एकमेकांच्या कानात कुजबुजत घालतात. गर्दी थंड असेल तर लय बदलायची, पेटली असेल तर तिला थोडं ताटकळत ठेवायचं. आपल्या संगीत नाटकांत ‘वन्स मोअर’ आला की नट पुन्हा पद गायचा, कथा तेवढा वेळ थांबायची. इथे ‘वन्स मोअर’ने कथाच बदलते.

याची दोन उदाहरणं देतो. १७ मार्च २००२, टोरांटोचा स्कायडोम. हल्क होगन खलनायक म्हणून उतरला, समोर लोकांचा लाडका द रॉक. पण गर्दीने ठरवलं की आज आपला माणूस होगन. लहानपणीचा नायक परत आला होता, मग कथेत तो कुणी का असेना. दोघांनीही ते ऐकलं. रॉकने थोडा उर्मटपणा घेतला, होगनने जुन्या खुणा बाहेर काढल्या, कानाला हात लावला, आणि छप्पर उडायचं बाकी राहिलं. जिंकला रॉक, ठरल्याप्रमाणे. पण नायक म्हणून बाहेर पडला होगन.

दुसरं उदाहरण जानेवारी २०१४ चं, पिट्सबर्गमधलं. रॉयल रंबल म्हणजे तीस जणांची, एकेक करून रिंगमध्ये उतरायची लढत. लोकांना हवा होता डॅनियल ब्रायन. उंचीने लहान, दाढीवाला, ‘येस! येस!’ म्हणत दोन्ही हात वर करणारा. तिसावा, शेवटचा मल्ल म्हणून आला रे मिस्टेरिओ. एरवी लोकांच्या गळ्यातला ताईत. त्या दिवशी त्याचीसुद्धा हुर्यो झाली, कारण ब्रायन येणार नाही हे तेव्हा पक्कं झालं होतं. विजेता बतिस्ता, त्याचीही तीच गत. त्यानंतर आखलेली कथा बदलली, आणि ६ एप्रिल रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये एकाच रात्री दोन लढती जिंकून ब्रायन विजेता झाला. याला लोकशाही म्हणायची घाई नको. कंपनीने लोकांच्या रागाचीच कथा केली आणि तीही विकली. पण राग विकायचा म्हटला तरी आधी तो ऐकावा लागला, हेही तितकंच खरं.

उलट पुरावा हवा असेल तर २०२० पाहा. महासाथीमुळे त्या वर्षीचा रेसलमेनिया ऑर्लंडोतल्या सराव केंद्रात, प्रेक्षकांविना झाला. तेच मल्ल, तेच डाव. पण पंजाचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत यायचा, आणि हील हिणवणार कुणाला? फुटबॉलचा सामना रिकाम्या मैदानात झाला तरी गोल हा गोलच राहतो. इथे मात्र ऐकणारंच नसेल तर खलनायक खलनायक राहत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, प्रेक्षक हे या कुस्तीतलं तिसरं पात्र आहे. तो ‘विश्वास ठेवणारा’ ही भूमिका करतो, जाणूनबुजून आणि मन लावून.

आता तो राहिलेला फरक. चित्रातला घोडा पडत नाही. मल्ल पडतो.

२३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनामध्ये ओवेन हार्ट हा मल्ल छतापासून दोरीने खाली उतरणार होता. दोरीचा आकडा वेळेआधी सुटला आणि तो सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून रिंगवर कोसळला. त्याचा मृत्यू झाला. टीव्हीवर समालोचक जिम रॉस पुन्हा पुन्हा सांगत होता की हा कार्यक्रमाचा भाग नाही. पुढे त्यानेच मृत्यूची बातमी दिली. रिंगणात बसलेल्या हजारोंना मात्र ती दिली गेली नाही. कार्यक्रम पुढे चालू राहिला.

यात दोन गोष्टी आहेत. जिथे वेदनेची प्रत्येक खूण भूमिकेचा भाग असते, तिथे खऱ्या वेदनेकडे स्वतःची वेगळी खूण उरत नाही. म्हणून ‘हे खरं आहे’ असं शब्दांत सांगावं लागतं. आणि ज्यांना ते सांगितलं गेलं नाही, त्यांना त्या रात्रीपुरतं जाणतेपणच नाकारलं गेलं. सुरुवातीला आपण म्हटलं की ही कुस्ती नुरा नाही, कारण इथे कुणाला फसवलेलं नसतं. त्या रात्री ती अट मोडली. निकाल ठरवून नव्हे, तर मृत्यू लपवून.

उरलेली अट आपल्यावर आहे. आपण कथेचे लेखक असू, तर कथेच्या किमतीचेही वाटेकरी आहोत. प्रत्येक वेळी अधिक उंच, अधिक भयंकर पडणं मागणारी आरोळी ऐकली जाते, हे टोरांटो आणि पिट्सबर्ग सांगतात. मग ती आरोळी निरागस राहत नाही. जाणत्या चाहत्याने टाळी वाजवावी ती पडण्याला नव्हे, पाडताना समोरच्याची मान सांभाळणाऱ्या हाताला. तो हात दिसायला लागला की ही कुस्ती पाहण्यातला आनंद कमी होत नाही, वाढतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘खोटं असतं ना?’ असं विचारलं, तर चिडू नका. ठरलेलं काय, न ठरलेलं काय, आणि कुणाच्या अंगावर बेतणारं काय, हे तीन प्रश्न त्याच्यापुढे ठेवा. बोलणं तिथून सुरू होईल.

आता आपले प्रश्न घेऊ.